वलांडीकडचा फिल्डर

शुक्रवारी सकाळी नलू ओल्या बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या बांबूच्या वलांडीवर वाळत टाकत होती, तेव्हा तिच्या नवऱ्यानं जाहीर केलं, की आता तीन रविवार मॅच नाही.

"का? कोन मेलं?"

"मरतंय कोन! बोयसरला मोठी टूर्नामेंट हाय. कंबरेएवढी ट्रॉफी. तवर टीमला आराम."

नवशा चाळिशीचा, बोटीवर खलाशी आणि चिंचणीच्या टीमचा कॅप्टन. बारा वर्षं दर रविवारी उमरोळीची टीम यायची आणि सासऱ्यांनी नलूच्या नावावर केलेल्या जागेत, वलांडीला लागून मॅच व्हायची. नियम नलूचे. वलांडीला बॉल लागला तर फोर, बोंबील खाली पडला तर बॅट्समन आउट. त्यामुळे त्या बाजूला कायम एक फिल्डर उभा असे. रविवारी कारखान्यांना सुट्टी, कामगारांची गर्दी, म्हणून नलू टोपली घेऊन बोयसरच्या बाजाराला जाई. मागे बावीस जणांचा आरडाओरडा असल्यावर कावळ्याची काय बिशाद! क्रिकेटचा याहून मोठा उपयोग तिला आजवर कोणी सांगितला नव्हता.

"आन् माझे बोंबील कोन राखील?"

"टीव्हीवर बघत नाय का? वर्ल्ड कपच्या आधी मोठे प्लेयर बारक्या मॅची सोडतात. अंग जपतात."

"त्यांच्या बायका बोंबील सुकवतात काय?"

नवशा तडक आराम करायला गेला.

आराम त्यानं मनापासून केला आणि टीमलाही करायला लावला. बॉलर निमेशला तर पाण्याचा हंडा उचलायची बंदी केली. त्यावर निमेशच्या आईनं नवशाचा जो उद्धार केला, तो अख्ख्या आळीनं ऐकला.

पहिल्या रविवारी नलू बाजारातून परतली, तर खालची ओळ कुत्र्यांनी आणि वरची कावळ्यांनी साफ केलेली. नवशा घरात पाय पसरून घोरत होता. नलूला रडूच कोसळलं. मग डोळे पुसून तिनं उमरोळीच्या कॅप्टनला, सुजितला, फोन लावला.

"मैदान मोकळं हाय. येता काय?"

"पन वयनी, खेलायचं कोनाशी?"

"तुमच्यातच दोन टीमी करा. कालवण-भात मी देते. फकत वलांडीकडं मानूस पायजे."

कालवणाचं नाव ऐकून दुसऱ्या रविवारी दोन टीमना पुरून उरतील इतके जण आले. तिसऱ्या रविवारीही आले. एकही बोंबील गेला नाही. सुजित तेवढा दोनदा बोंबील पाडून आउट झाला.

नवशानं हा सगळा आवाज अंथरुणातून ऐकला. "बारक्या मॅची," एवढंच म्हणून तो कूस बदलून झोपला.

चौथ्या रविवारी टीम नवे टी-शर्ट घालून टेम्पोनं बोयसरला निघाली. त्याच टेम्पोत नलू टोपली घेऊन बसली.

"उमरोळीवाले टूर्नामेंटला नाय?" निमेशनं विचारलं.

"त्यांची मॅच हाय आज," नलू म्हणाली. "आपल्याकडं."

टूर्नामेंटमध्ये समोर मासवणची टीम आली, आदल्याच दिवशी कुठेतरी खेळून आलेली. निमेशच्या इतक्या जपलेल्या हातातून पहिल्याच ओव्हरला पाच वाईड गेले. नवशा ओपनिंगला उतरला. लेगला सगळं मैदान मोकळं पडलं होतं, पण घरच्या मैदानात त्याच बाजूला वलांडी; बारा वर्षांच्या सवयीनं त्याची बॅट काही तिकडे फिरेना. वलांडी नसलेल्या मैदानात तो बोंबील जपत खेळला आणि तिसऱ्या बॉलला बोल्ड झाला. सगळं आटोपून तो बाजारात आला, तेव्हा नलूची टोपली अजून अर्धी भरलेली होती.

पुढच्या रविवारी नवशा बॅट घेऊन मैदानात गेला, तर उमरोळीच्या दोन्ही टीमचा टॉस उडालेला.

"आन् आमी?" त्यानं नलूला विचारलं.

"त्यांना आता कुठल्या तोंडानं नको म्हनू? अडचनीला आले ते."

"अगं, पन मी कॅप्टन हाय!"

"म्हनून सुजितला आधीच सांगून ठेवलंय मी. एक जागा हाय." नलूनं वलांडीकडे बोट दाखवलं.

नवशानं बॅट बांबूला टेकवली. तेवढ्यात एक कावळा वरच्या ओळीवर उतरला आणि नवशानं अशी आरोळी ठोकली, की तिकडे अंपायरनं घाबरून बोट वर केलं.

नलूनं टोपली डोक्यावर घेतली.

"मोठी मॅच हाय असं समजा," ती म्हणाली, "आन् मी येईपर्यंत हलू नका."