मधला स्पीकर मोठ्याच्या वाट्याला

मित्रांनो, जानेफळात गजेंद्रच्या घरी टीव्हीखालच्या फळीवर, विणलेल्या रुमालाखाली, एक काळा चपटा डबा दिसेल. पाहुणे चहाचा कप त्याच्यावर ठेवायला जातात आणि पूनमबाई तो कप लगेच उचलून घेतात. तो डबा म्हणजे मी. होम थिएटरचा जुना डिस्क प्लेअर. आता माझ्यासारख्यांना बाजारात कुणी विचारत नाही, हे मला कळतं. पण माझं आयुष्य फार चांगलं गेलं, आणि ते कुणाकुणामुळे गेलं हे एकदा सांगून टाकावं, एवढ्यासाठी तुम्हाला थांबवलं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कुठे ते विचारू नका, कारण डोळे उघडले तेव्हा मी थर्मोकोलमध्ये गच्च बसलेलो होतो. त्याच खोक्यात माझी भावंडं होती: एक गलेलठ्ठ वूफर आणि पाच स्पीकर. दोन पुढचे, दोन मागचे आणि एक मधला. मधला जरा लांबट, आडवा बसणारा, दिसायला कंपासपेटीसारखा. सिनेमात गाडी उलटली की वूफर हादरतो, वारा सुटला की मागचे दोघं घुमतात. पण माणूस बोलायला तोंड उघडतो, तेव्हा आवाज येतो तो या मधल्यातून. हे जरा लक्षात असू द्या, पुढचा सगळा गोंधळ याच्यावरूनच झाला.

मला घरी आणलं दोन भावांनी मिळून. थोरले पुंजाजी आणि धाकटा गजेंद्र. त्या वर्षी सोयाबीन छान पिकलं होतं. मेहकरला देवानंदच्या दुकानात दोघांनी मला पाहिलं आणि दोघांचाही पाय तिथून निघेना. देवानंद विकायचाही आणि दुरुस्तही करायचा. परतीच्या एसटीत पुंजाजींनी खोकं मांडीवरून खाली ठेवलंच नाही. कंडक्टर म्हणाला, "याचं बी तिकीट काढा मंग." सगळी गाडी हसली. पुंजाजी मात्र मला घट्ट धरून बसले होते. ती मांडी मी अजून विसरलेलो नाही.

काय ते दिवस होते! शनिवारी संध्याकाळी जेवणं लवकर उरकायची. शेजारपाजारचे आपापली सतरंजी घेऊन यायचे. पुंजाजींच्या बायको केसरबाई सिनेमातल्या खाष्ट सासूला तोंडावर शिव्या द्यायच्या. गजेंद्रची मुलगी काजल तेव्हा लहान होती. ती वूफरला पाठ लावून बसायची आणि धक्का बसला की खिदळायची. पुंजाजींना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे ती दोन्ही घरांची एकुलती एक. माझ्यावरची धूळ पूनमबाई स्वतःच्या जुन्या साडीच्या मऊ तुकड्यानं पुसायच्या. एवढे लाड मला कारखान्यात कुणी सांगितले असते तर मी विश्वास ठेवला नसता.

मग वाटणी झाली. भांडण नव्हतं हो. उलट भांडण होऊ नये म्हणून वेळेत वेगळं व्हावं, असं पुंजाजींच्याच मनात आलं. पंच म्हणून उत्तमरावांना बोलावलं. उत्तमराव म्हणजे वाटणी करायला बसले की अर्धी सुपारीसुद्धा मागे ठेवणार नाहीत असे गृहस्थ. शेत झालं, बैल झाले, भांडी झाली, आणि मग त्यांची नजर माझ्याकडे वळली.

"हा डबा अन् टीव्ही लहान्याले," ते म्हणाले. "दोन उभे स्पीकर बी त्याले, अन् हे धूड बी त्याचंच." उभे म्हणजे पुढचे दोघं, आणि धूड म्हणजे आमचा वूफर. "बाकीचे मोठ्याले. झालं बराबर."

त्या बाकीच्यांत मागच्या दोघांबरोबर मधलाही गेला. केसरबाईंनी तो हौसेनं देवघराच्या फळीवर नेऊन ठेवला. प्लेअर नसताना स्पीकर काय करणार, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. वाट्याला आलेली वस्तू आपली, बस.

उठताना पुंजाजी पंचांसमोर बोलले, "आता कामाबिगर कोनी कोनाच्या घरी जाचं नाही. मनं साफ राह्यतील." पुंजाजी शब्दाचे पक्के. तो शब्द त्यांनी दिला आणि अंगणात मधोमध भिंत उभी राहिली.

पुढच्या शनिवारी गजेंद्रनं सिनेमा लावला. बंदुका वाजल्या, घोडे दौडले, गाणीही झाली. पण नायकानं तोंड उघडलं तर आवाज गायब! नायिका हुंदके देत होती आणि घरात नुसता पंख्याचा आवाज. पूनमबाई म्हणाल्या, "बिघडला वाटते." मी आतल्या आत तळमळत होतो. माझं बोलणं भिंतीपलीकडे देवघरात बसलेलं, आणि ते सांगायला मला तोंड कुठून असणार?

गजेंद्र मला पिशवीत घालून एकटाच मेहकरला घेऊन गेला. देवानंदनं मला तपासलं आणि विचारलं, "मधला स्पीकर कुठी हाये?"

"वाटनीत दादाकडं गेला."

देवानंद इतका हसला की त्याच्या हातातून पेचकस पडला. त्या दिवशी दुकानात आणखीही काही बोलणं झालं. ते मी ऐकलं आहे, पण त्याची वेळ पुढे येईल.

घरी आल्यावर गजेंद्र सरळ भावाच्या दारात जाऊन उभा राहिला. काम घेऊन आला होता, त्यामुळे शब्द मोडला नाही. म्हणाला, "दादा, सिनेमातलं बोलनं तुमच्या स्पीकरातच येते. द्या ना तेवढा."

"माह्या वाट्याची वस्तू मी काऊन देऊ?" पुंजाजी म्हणाले. मग थोड्या वेळानं, "तार टाकाची असंन भिंतीवरून तर टाक."

आणि तार पडली, मित्रांनो! इकडे गजेंद्रच्या घरात चित्र, तिकडे पुंजाजींच्या घरात संवाद. पूनमबाई भिंतीजवळ उभ्या राहून ओरडायच्या, "बाई, काय म्हनली वं थे?" पलीकडून केसरबाईंचं उत्तर यायचं, "म्हनते, मी जीव देईन! पन कोनाले म्हनून राह्यली? कोन उभं हाये तिच्यासमोर?" सिनेमा दोन घरांत मिळून कसाबसा पूर्ण व्हायचा. माझी अशी फजिती कधी झाली नव्हती, आणि इतकी मजाही कधी आली नव्हती.

एका शनिवारी सिनेमातली आई हरवलेल्या लेकाला ओळखते असा प्रसंग होता. केसरबाईंना नुसतं ऐकून राहवेना. त्यांनी तार उपटली, स्पीकर पदराखाली घेतला आणि भिंतीला वळसा घालून थेट इकडे आल्या. त्यांच्यामागे पुंजाजी, दारात घुटमळत.

"मी काही बसाले नाही आलो," ते म्हणाले. "वस्तू माही हाये. तिच्यावर ध्यान ठेवाले आलो."

गजेंद्रनं स्पीकर जोडून दिला. पुंजाजींनी तो मांडीवर घेतला आणि सिनेमा संपेपर्यंत खाली ठेवला नाही. संपल्यावर तार काढली, दुपट्ट्यात गुंडाळून घरी घेऊन गेले.

तो जो रिवाज पडला, तो वर्षानुवर्षं चालला. दर शनिवारी दुपट्ट्यातला स्पीकर यायचा आणि त्याच्यामागून दोन माणसं यायची. आधी नुसता चहा झाला, मग भाकरी झाली, मग काजलचा निकालही इथेच सगळ्यांनी मिळून वाचला. एकदा गजेंद्र तापानं फणफणला होता. शनिवारला अजून वेळ होता. पुंजाजी स्पीकर घेऊन आले, पण जोडला नाही. तो मांडीवर धरून भावाच्या उशाशी नुसते बसून राहिले. काम म्हणून आले होते ना! मी त्या वेळी बंद होतो, पण इतका उपयोगी मी चालू असतानाही कधी पडलो नसेन.

वस्तूंना वय असतं. माझा ट्रे अडकायला लागला. डिस्क घेताना मी खोकल्यासारखा आवाज करू लागलो. काजल मोठी झाली, शिकली, बुलढाण्याला नोकरीला लागली. गुणाची पोर. एका सुट्टीत तिनं मला चापट मारून ट्रे उघडला आणि म्हणाली, "बाबा, आता हे बदलूच. डिस्क कोन पायते आता? साउंडबार आनते मी. एक लंबी पट्टी राह्यते, सगळा आवाज तिच्यातूनच. मोठ्या बाबांले तो स्पीकर उचलून आनाचा तरास बी नाही."

ती मायेनंच बोलली. पण गजेंद्रचा चेहरा पडलेला मी पाहिला. तो एवढंच म्हणाला, "पाहू."

मला माझी काळजी नव्हती, खरंच सांगतो. भंगारात जायला मी तयार होतो. मला भीती होती ती वेगळीच. पट्टी आली की पुंजाजींच्या स्पीकरला काम उरणार नाही, आणि काम नसलं की पुंजाजी या उंबऱ्याच्या आत येणार नाहीत. शब्दाचे पक्के ना ते.

त्या शनिवारी सगळे बसले होते. काजल म्हणाली, "पट्टी येईस्तोवर या मधल्या स्पीकराबिगर काही सोय होते का पायते." मोबाइलवर वाचत वाचत तिनं माझ्या रिमोटची बटणं दाबली. टीव्हीवर स्पीकरांचं चित्र उमटलं. मधला स्पीकर आहे की नाही, असं मी विचारत होतो. माझ्या पोटात ही सोय पहिल्या दिवसापासून होती, पण ती कुणी उघडली नव्हती. काजलनं 'नाही' दाबलं.

लगेच संवाद पुढच्या दोन स्पीकरांतून खणखणीत यायला लागले.

"झालं की मोठे बाबा! आता तुमाले तो आनाची गरजच नाही!"

पुंजाजींनी मांडीवरचा स्पीकर कानाला लावला. तो गप्प होता. सिनेमा त्याच्यावाचून बोलत होता. त्यांनी भावाकडे पाहिलं.

"गजा, हे असं होत होतं?"

गजेंद्र खाली मान घालून बसला होता. "हाव दादा. देवानंदनं त्याच दिवशी सांगतलं होतं. लगेच करून बी देत होता. मीच नाही म्हनलं."

"काऊन?"

"तुमी आले नसते मंग."

काजलच्या हातातला रिमोट तसाच राहिला. पुंजाजींनी तार काढली, दुपट्टा गुंडाळला आणि ते निघून गेले. केसरबाई डोळे पुसत त्यांच्यामागून गेल्या.

तो आठवडा मला फार जड गेला. काजल स्वतःलाच दोष देत होती. तिनं पट्टीचं नावही काढलं नाही. शनिवार आला तरी गजेंद्रनं माझ्यावरचा रुमाल उचलला नाही. दिवेलागणीला पूनमबाई दोनदा दारापर्यंत जाऊन परत आल्या.

आणि मग पुंजाजी आले. दुपट्ट्यात मधला होता, आणि वाटणीत गेलेले मागचे दोघंही होते. मांडीवर घेऊन बसले नाहीत ते. सरळ माझ्याजवळ आले, वाकले, आणि मधला स्पीकर त्यांनी टीव्हीखाली, त्याच्या पहिल्या जागी ठेवून दिला.

"हा आता इथंच राहू दे," ते म्हणाले. "रोज रोज कोन नेते?" मग काजलकडे वळून म्हणाले, "पोरी, ते पहिल्यासारखं कर. हाये म्हन त्याले."

काजलनं 'आहे' दाबलं. मित्रांनो, इतक्या वर्षांनी माझा आवाज माझ्या शेजारी मुक्कामाला आला. मला रडता येत असतं तर त्या दिवशी सगळी वायरिंग भिजली असती. गजेंद्रनं भावाच्या पायाला हात लावला. पुंजाजी म्हणाले, "सिनेमा लाव बे," आणि नाक पुसलं.

साउंडबार आलाच नाही. काजलनं मला मेहकरला नेलं, म्हाताऱ्या देवानंदनं नवी लेन्स बसवली, ट्रेही नीट केला. आता मी पुन्हा गुळगुळीत उघडतो. या सगळ्या माणसांचा मी आभारी आहे. पूनमबाईंच्या मऊ कापडाचा, मेहकरहून गुपचूप परतलेल्या गजेंद्रचा, आणि हो, उत्तमरावांचासुद्धा. त्यांनी शहाणपणानं वाटणी केली असती तर या घरात शनिवार उरलेच नसते.

तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू असेल. ती बदलायची वेळ येईल, जरूर बदला. पण त्याआधी क्षणभर थांबून बघा, तिच्या निमित्तानं तुमच्या घरी कोण येतं. त्या माणसाला आधी आत बोलवा, बसवा, आणि मग खुशाल नवी आणा. आमचं काय, आम्ही कपाटावर पडून राहू.

परवाची गोष्ट. बुधवार होता. सिनेमा नव्हता, मी बंद होतो. पुंजाजी रिकाम्या हातांनी दारात आले. पूनमबाईंनी विचारलं, "दादा, काही काम होतं काय?"

"नाही," ते म्हणाले, "काहीच काम नाही." आणि आत येऊन बसले.