माशांच्या वाटचं राकेल

लढाईच्या दिवसांत विट्यात राकेल मिळायचं ते कार्डावर, आणि तेही दुकानदाराच्या मनात आलं तर. तानुबाईच्या घरी दिवस मावळला की अंधार. सासू रंगूबाई चाचपडत चुलीपाशी यायची आणि सून तिच्या हातात भाकरी द्यायची. आणि भिंतीपलीकडं, शालूबाईच्या सोप्यात, माशांच्या बुडाखाली चिमणी जळत असायची. रात्रंदिवस. माशांच्या बुडाखाली हो! आता तुम्हीच सांगा, कुणाचं पित्त खवळणार नाही?

शालूबाईचा नवरा नानासो कलकत्त्याला सोनं गाळायच्या दुकानात होता. तिकडं बॉम्ब पडायला लागले तसं त्यानं दुकान भागीदाराच्या गळ्यात टाकलं आणि गाव गाठलं. येताना लोक साड्या आणतात, भांडी आणतात. ह्या शहाण्यानं मडक्यात घालून सात मासे आणले. करंगळीएवढे, रंगीत शेपटीचे. आगगाडीत माणसाला उभं राहायला जागा नव्हती, पण मासे तीन दिवस ह्याच्या मांडीवर बसून आले.

बरं, नुसते मासे आणून भागतंय होय? लियाकत पत्रेवाल्याकडनं लोखंडी चौकट करून घेतली. चार काचा सांगलीहून आल्या, पेंढ्यात गुंडाळून. लुकणानं सांधे बुजवले. तळाला पातळ फरशी बसवली, तिच्यावर येरळा नदीची वाळू टाकली, तीसुद्धा सात पाण्यांनी धुऊन. विहिरीतली पाणवेल लावली. पाणी एक दिवस शिळं करून घालायचं म्हणून वेगळा माठ. मासे धरायला तारेच्या कड्यावर शिवलेली मलमल. खायला कुटून चाळलेली सुकट. पाण्यात पाऱ्याची एक काचेची नळी, तिच्यावर लाल दोऱ्याची खूण. हे मासे उबेच्या मुलखातले, पारा दोऱ्याखाली उतरला की मेलेच म्हणून समजा. म्हणून पेटी चार विटांवर चढवलेली आणि खाली ती चिमणी. एवढा सरंजाम तानुबाईच्या लग्नातसुद्धा नव्हता.

सगळी आळी बघायला लोटायची. तानुबाई तेवढी नाक मुरडून म्हणायची, "त्यात काय बघायचं? वड्याला पैशाला पासरी मासं हायती."

पण खरं सांगू का? तिच्या पोटात दुखायचं ते माशांसाठी नव्हतंच, आणि राकेलसाठी तर अर्धंच. संध्याकाळी नानासो पेटीपुढं बसायचा आणि शालूबाईला हाक मारायचा, "ये की, ह्याची शेपटी बघ." मग ती पदर सावरत त्याच्या शेजारी बसायची. चार माणसांदेखत नवरा-बायको खांद्याला खांदा लावून बसलेली, आणि कुणी काही बोलायचं नाही, कारण ती काय, मासे बघतायत! तानुबाईचा नवरा ज्ञानू ब्रह्मदेशाच्या लढाईत होता. दसऱ्यापासून त्याचं पत्र नव्हतं. भिंतीपलीकडून शालूबाईचं हसू ऐकू आलं की तानुबाई तव्यावरची भाकरी उलटायची विसरायची.

तरी दोघी एकाच माहेरच्या. म्हसवडच्या. एका विहिरीवर पाणी भरलेल्या.

मार्गशीर्ष लागायच्या आदल्या दिवशी शालूबाई नटूनथटून दारात आली. "तानू, आमी रथाला चाललोय. दोन दिसांचा सवाल हाय. मासं तुझ्यावर सोपवून जाते बघ."

म्हसवडच्या जत्रेचा रथ! तानुबाईला सासूला टाकून जाता येत नव्हतं, आणि ही नवऱ्यासंगं मोटारीत बसून तिच्याच माहेरी चालली होती. वर हिची मासळी राखायची तानुबाईनं!

"जा की," तानुबाई म्हणाली. "काय काय करायचं ते सांगून ठेव."

सांगायला नानासो आला. चिमटीभर सुकट, सकाळी एकदा. जास्त घातली तर पाणी नासतं. पाणी कमी झालं तर माठातलं शिळं घालायचं. पारा दोऱ्याखाली जाऊ द्यायचा नाही. "आन तेवढी चिमणी इझू देऊ नगा," तो म्हणाला. "राकेलची बाटली भरून ठेवलीया."

पहिला दिवस तानुबाईनं चोख पार पाडला. सुकट टाकली, चिमणीत तेल घातलं. "खावा, मेल्यांनो, खावा," एवढं मात्र पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती पुन्हा तिथं गेली. बाहेर हाडं फोडणारं गार वारं सुटलेलं. सोप्यात मात्र पेटीजवळ कशी छान ऊब होती. सातही मासे मजेत फिरत होते. तानुबाई बघत उभी राहिली आणि तिला वाटलं, आत्ता म्हसवडात रथ ओढला असेल. दोघं गुलालानं माखली असतील. नानासोनं हिला गर्दीतनं हाताला धरून नेलं असेल. आणि माझा माणूस कुठल्या चिखलात पडलाय ते देवाला ठाऊक, आणि मी हितं ह्यांच्या माशांना शेकत बसलेय!

तिनं वाकून चिमणीवर फुंकर मारली.

झालं! विझवलेली चिमणी पदराखाली घेतली आणि घरी आणून चुलीतल्या काडीनं पेटवली. महिन्याभरात पहिल्यांदा त्या घरात भाकरीचा रंग दिसला. रंगूबाईला तर हरखून काय करू असं झालं. तिनं खुंटीवरचा ज्ञानूचा लष्करातला फोटो काढायला लावला, चिमणीजवळ धरला आणि लांबून-जवळून बघितला.

"लय वाळलाय ग," म्हातारी म्हणाली. मग म्हणाली, "चिमणी शालीनं दिली न्हवं? लय गुणाची पोर. तिचं राकेल, तिच्या पोराबाळांना लाभूदे."

तानुबाईनं हातातला घास ताटात ठेवला. "तुमी जेवा, आत्ती," ती कशीबशी म्हणाली.

रात्रभर तिनं ह्या कुशीवरून त्या कुशीवर केलं. तांबडं फुटायच्या आत चिमणी घेऊन ती शालूबाईच्या सोप्यात धावली. पारा दोऱ्याच्या पार खाली गेलेला. मासे वाळूला टेकून पडलेले, कल्ले तेवढे हलत होते. असूया फुंकरीसरशी गेली होती. आता नुसती भीती उरली. तिनं चिमणी पेटवून फरशीखाली सारली. पण फरशी तापणार कधी, आणि एवढं पाणी कोमट होणार कधी? माठातलं पाणी तर बर्फासारखं.

मग तिला हंडा आठवला. तिच्या लग्नातला तांब्याचा हंडा. घरात तेवढीच एक चीज होती. देवाचं पाणी त्यात, पाहुण्याचं पाणी त्यात. कालच चिंच लावून घासून लखलखीत केलेला. त्यात रात्रीचं पाणी भरलेलंच होतं. तिनं ते कोमट केलं, लेकराच्या अंघोळीचं बघावं तसं कोपर बुडवून बघितलं, आणि तांब्या-तांब्यानं हळूहळू पेटीत सोडलं.

मासे हलले. एक वर आला. मग दुसरा. सातही वर आले, तेव्हा तानुबाई रडत-रडत हसली. "जगा रं बाबांनो," ती म्हणाली, "माझ्यावर उपकार करा." आणि खरंच सांगतो, त्या घटकेला तिच्या मनात कुणाविषयी वाकडं काही नव्हतं.

दुपारपर्यंत सातही मासे पोट वर करून तरंगत होते.

तिसऱ्या प्रहरी मोटार आली. शालूबाई आपल्या घरात न शिरता आधी तानुबाईकडं आली. केसांत गुलाल, हातात पुडी. "हा घे, पयला अंगारा तुझ्या माणसाचा. रथाला नारळाचं तोरण बांधलं ज्ञानूदाजीच्या नावानं. त्याच्यासाठीच तर गेलते. पुढल्या रथाला तुमी जोडीनं यायचं, आमी तुमची म्हातारी राखतो."

तानुबाईला पुडी धरवेना. तेवढ्यात पलीकडून नानासोची हाक आली. दोघी गेल्या. नानासो पेटीजवळ वाकलेला, शेजारी तो लखलखता हंडा.

"पाणी ह्यातलं घातलं?" त्यानं विचारलं.

"व्हय दाजी. कोमट करून. गारठली हुती."

"तांब्याचं!" नानासोनं कपाळाला हात लावला. "अवं, माणसाला चांगलं, पर माशाला ते इख. मीच सांगायचं इसरलो. तुमचा काय दोष न्हाई."

शालूबाईचे डोळे भरून आले होते, तरी तिनंच तानुबाईच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नगंस. तू जीव लावूनच केलंस की."

सुटली होती बाई! एक शब्द बोलायचं कारण नव्हतं. दोष तांब्याचा, विसर नानासोचा. पण पाठीवरचा तो हात तिला सोसवेना.

"जीव लावून कुटला?" ती एकदम ओरडली. "गारठली कशानं, ते इचार की! चिमणी मी इझीवली. फुंकर मारून. घरी नेऊन तिच्या उजेडात जेवलो आमी. तुजं बरं चाललेलं मला बघवंना, शाले."

शालूबाईचा हात पाठीवरून निघाला. नानासो उठून बाहेर गेला. शालूबाई पेटीकडं वळली. मग म्हणाली, "मागितलं असतंस तर दिलं नसतं व्हय ग?"

शालूबाईनं कोपऱ्यातली राकेलची बाटली उचलली आणि तानुबाईच्या हातात दिली.

"ने," ती म्हणाली. "आता हितं कुणाला लागतंय."

त्या संध्याकाळी दिवस मावळला, अंधार पडला. रंगूबाई भिंतीला धरत-धरत चुलीपाशी आली. "काल किती बरं वाटलं," ती म्हणाली. "आज बी चिमणी लाव की ग. ज्ञानूला बघीन म्हणते."

बाटली तानुबाईच्या मांडीजवळच होती. अर्धीअधिक भरलेली.

"राकेल न्हाई, आत्ती," ती म्हणाली, आणि चाचपडत सासूच्या हातात भाकरी दिली.