पुंगळीतली वाळू

काळं पडलेलं पितळ दिसलं की आशालताबाईंचे हात शिवशिवायला लागत. पुण्याहून ऑकलंडला लेकीकडे येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते, पण तेवढ्यात ऋग्वेदाच्या अल्बनीच्या घरातली समई, घंटा, अत्तरदाणी, एवढंच काय, कपाटाच्या पितळी मुठीसुद्धा त्यांनी चिंच-मिठाने घासून लखलखीत केल्या होत्या. आता घासण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून बाई जरा उदासच होत्या.

त्यात पाडवा उद्यावर आला आणि कळलं, की गुढीवर उपडा घालायला घरात गडूच नाही.

"आई, मी दरवर्षी स्टीलचा पेला लावते. इथे कोण बघतंय?" हॉस्पिटलात फार्मासिस्ट असलेली लेक कामावर निघता निघता म्हणाली.

स्टीलचा पेला! आशालताबाईंनी कपाळाला हात लावला. कडुनिंब पापाटोएटोच्या देशी दुकानांतही मिळाला नाही, तेव्हा कढीपत्त्यावर भागवायला त्या मोठ्या मनाने तयार झाल्या होत्या. पण पेला म्हणजे अतिच झालं.

शेजारचा ट्रेव्हर खुब्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होता. ऐंशी ओलांडलेला एकटा जीव. जाताना घराची किल्ली आणि मांजर त्याने आशालताबाईंच्या हवाली केलं होतं आणि वर, "घरातलं काय लागेल ते बिनधास्त घे, आशा," असंही म्हणून गेला होता. दुपारी मांजराला खायला घालायला त्या गेल्या, तेव्हा खिडकीतल्या फळीवर त्यांना ते दिसलं. वीतभराहून थोडं उंच, जाड पितळेचं नळकांडं, काळंठिक्कर पडलेलं, आणि आत काठापर्यंत वाळू. सिगारेटी विझवायचं भांडं असणार, त्यांनी ठरवून टाकलं. ट्रेव्हरला सिगारेट ओढताना त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं, पण हात शिवशिवायला लागले की डोकं कुठे चालतं?

वाळू त्यांनी त्याच्याच परसात लिंबोणीच्या बुंध्याशी ओतली. मग चिंच, मीठ आणि कोपरापासूनचा जोर. तासाभरात ते भांडं असं पिवळंधमक निघालं, की त्यात त्यांना स्वतःचं नाक दिसलं. वापरून झालं की चकाचक करून परत ठेवू, म्हातारा खूश होईल, असा त्यांचा हिशेब होता.

पाडव्याला सकाळी लख्ख ऊन पडलं. डेकच्या कठड्याला गुढी उभी राहिली: हिरवी पैठणी, साखरेची गाठी, कढीपत्ता आणि टोकाला ते पितळ. आशालताबाई हात जोडून उभ्या होत्या, तोच शेजारी टॅक्सी थांबली. ट्रेव्हरला दोन दिवस आधीच घरी सोडलं होतं. वॉकर धरून तो उतरला, सहज वर पाहिलं आणि जागीच थांबला.

"हॅपी न्यू इयर, ट्रेव्हर!" आशालताबाई वरून ओरडल्या. "तुझं भांडं बघ किती सुंदर निघालं!"

मग त्याने विचारलं, "त्यातली वाळू कुठे आहे?"

"वाळू? टाकली की. तुझ्या लेमन ट्रीखाली."

ट्रेव्हर वॉकरच्या छोट्या बैठकीवर मटकन बसला. "आशा," तो म्हणाला, "त्यात माझे वडील होते."

अस्थी! त्या तशाच अनवाणी खाली धावल्या. आवाज ऐकून ऋग्वेदाही मागोमाग आली.

अस्थी नव्हत्या. अस्थी मिळाल्या असत्या तर काय हवं होतं, असं ट्रेव्हर म्हणाला. त्याचे वडील सॉलोमन बेटांतल्या मोनो नावाच्या बेटावर जपान्यांशी लढायला उतरले, ते महायुद्धातलं त्रेचाळीस साल. बोट किनाऱ्याला टेकते न टेकते तोच तोफगोळा पडला आणि पुरायलाही काही उरलं नाही. ट्रेव्हर तेव्हा आईच्या पोटात होता. वडिलांच्या एका सोबत्याने आपल्याच तोफेच्या गोळ्याची रिकामी पुंगळी घेतली, त्या किनाऱ्यावरची वाळू तिच्यात भरली आणि लढाई संपल्यावर त्याच्या आईच्या हातात आणून दिली. दुसरं काही नव्हतं. कबर नाही, घड्याळ नाही, टोपी नाही.

लढाई म्हणजे आशालताबाईंना एकाहत्तर सालची माहीत, खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते तेवढी. आणि इथे त्यांनी कुणाचा तरी बाप चिंचेने घासून वेशीला टांगला होता. त्या वळल्या आणि गुढी उतरवायला निघाल्या.

"थांब," ट्रेव्हर म्हणाला. "हे उभारता कशासाठी?"

"विजयासाठी," ऋग्वेदाने सांगितलं. "आणि नव्या वर्षासाठी."

ट्रेव्हरने पुन्हा वर पाहिलं. उन्हात ते पितळ बघवत नव्हतं इतकं झगझगत होतं. "ते पहिल्याच दिवशी गेले," तो म्हणाला. "शेवटी कोण जिंकलं, हे त्यांना कळलंच नाही. राहू दे वर. मला फक्त वाळू हवी आहे."

मग आशालताबाईंनी जे केलं, ते त्यांच्या हाताला जन्मभर येत होतं. लिंबोणीखालचा ढीग त्यांनी डावाने अलगद उचलला, स्टीलच्या मोठ्या ताटात घेतला आणि डेकच्या पायरीवर उन्हात मांडी ठोकून तांदूळ निवडतात तसं निवडायला बसल्या. पाचोळा बाजूला, लाकडाच्या ढलप्या बाजूला, पिवळ्या मातीची ढेकळं बोटांनी फोडून बाजूला. वाळू पांढरी होती, शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची, माती चिकट. देवाने एवढी तरी दया केली होती. शेजारी खुर्चीत ट्रेव्हर हात मांडीवर ठेवून बसला होता. ऋग्वेदाने ताट त्याच्यापुढे केलं, तर त्याने मान हलवली. "आई हात लावू द्यायची नाही. लीव्ह हिम बी, त्यांना निवांत राहू दे, म्हणायची. मी अजून कधीच लावला नाही."

वाळूत काळसर, तांबूस कणही होते, मोहरीहून बारीक. ती बागेची घाण समजून आशालताबाई ते नखाने वेगळे काढत होत्या.

"आई, थांब जरा." ऋग्वेदा वाकली. आत जाऊन तिने फ्रिजवरचा लोहचुंबक आणला, कागदात गुंडाळला आणि ताटावरून फिरवला. ते कण टुणकन उडून कागदाला चिकटले. लहानपणी वाळूतून लोखंड काढायचा खेळ आशालताबाईही खेळल्या होत्या. त्या हसणारच होत्या. पण ऋग्वेदाने ट्रेव्हरचं वाचायचं भिंग त्यावर धरलं आणि त्यांचं हसू जागच्या जागी राहिलं. वाळूचा कण गोलसर असतो. हे गोलसर नव्हते. गंजलेल्या, दातेरी, वाकड्या चिरफळ्या होत्या. जणू एखादी मोठी गोष्ट रागाने फुटली होती.

"बागेतलं नाही हे," ऋग्वेदा हळूच म्हणाली. "हे तिथलंच आहे."

ऐंशी वर्षं! ट्रेव्हर शाळेत गेला, त्याने लग्न केलं, बायको गेली, मुलं ऑस्ट्रेलियाला गेली, आणि ही लढाई मुकाट त्याच्या खिडकीत, मांजर झोपायचं त्या फळीवर, पितळात भरून उभी होती. पुढ्यातल्या ताटाकडे बघायचीही आशालताबाईंना भीती वाटली, आणि नजर मात्र हलेना. देवळातही आपण एवढे गप्प होत नाही, असं त्यांच्या मनात आलं.

"हे टाकू या?" त्यांनी शेवटी विचारलं. "ट्रेव्हर, यानेच तर मारलं त्यांना."

ट्रेव्हरने भिंग घेतलं. ते कागदाजवळ नेऊन त्याने नीट पाहिलं. "यातलं काही आपलं असेल, काही जपान्यांचं," तो म्हणाला. "आता कोण ओळखणार? इतकी वर्षं ते याच्याजवळच निजलेत. सगळं परत घाल."

ऋग्वेदाने कागद सोडवून झटकला. चिरफळ्या वाळूत पडल्या आणि दिसेनाशा झाल्या. थोडी अल्बनीची माती काही केल्या सुटली नव्हती. त्यावर ट्रेव्हर नुसतं "स्वीट ॲज", म्हणजे चालतंय की, म्हणाला. आशालताबाईंनी ताट दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

मग त्याने सुरकुतलेला उजवा हात उचलला, क्षणभर वरच धरला आणि पंजा उघडून सगळा वाळूत दाबला. पोराचे डोळे असतात तसे त्याचे डोळे झाले.

"गरम आहेत," तो म्हणाला.

ताट सकाळपासून उन्हात होतं. आशालताबाईंना ते चांगलं ठाऊक होतं, पण त्यांनी ते सांगितलं नाही.