ताईंचा जेवणानंतरचा चहा

नणंदेने स्वयंपाकघरात वजनकाटा आणून ठेवला, त्या दिवशी ताईंचं डोकं फिरलं ते फिरलंच.

आता ताई म्हणजे कुणी ऐऱ्यागैऱ्या नव्हेत. मोठ्या छापखान्यात नव्वद माणसांना दिवसातून तीनदा चहा पाजणारी बाई. यंत्रांच्या धडधडाटात तिथे कुणी कुणाचं ऐकत नसे, पण ताईंची किटली दारात दिसली की फोरमनसुद्धा हात पुसत पुढे यायचा. कडक, दाट, जिभेवर रेंगाळणारा चहा! सगळे त्यांना ताई म्हणत. नवऱ्याच्याही तोंडून चारचौघांत एकदोनदा तेच निघालं होतं, आणि मग बिचाऱ्याने जीभ चावली होती.

त्यांची एकुलती एक लेक. लहानपणी रस्त्यावरून आगीचा बंब गेला की अनवाणी मागे पळायची, म्हणून बापाने तिचं नाव बंबाबाई ठेवलेलं. तीच आता चोवीस वर्षांची होऊन अग्निशमन दलाच्या भरतीला उभी राहिली. धावण्यात पास, दोरावर चढण्यात पास, आणि रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊ पॉइंट दोन. दलाला बारा हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, आहार सुधारा म्हणाले. तेरा आठवड्यांनी फेरतपासणी. तेव्हाही जमलं नाही तर पुढच्या भरतीत वयाची अट आडवी येणार, म्हणजे विषयच संपला.

आणि मग आली नणंद. ही इस्पितळात आहारतज्ज्ञ. एकटा जीव, बोलणं तोलूनमापून, साडीची घडी मोडणार नाही अशी चालणार. तिने भावाच्या घरचं ताट पाहिलं. भाताचा डोंगर, शेजारी तुपात परतलेले बटाटे.

"वहिनी, राग मानू नका," ती म्हणाली, "पण हे नुसतं सरपण झालं. पिष्टमय आणि स्निग्ध पदार्थ भरपूर, प्रथिनं चिमूटभर. ही तीन शरीराला ढिगाने लागतात, पण नीट वाटून. आणि जीवनसत्त्वं, लोह, जस्त लागतात कणभर. ती तुमच्या ताटात औषधालाही नाहीत. नुसत्या सरपणाने चूल पेटत नाही, काडी लागते ना?"

"बरोबर आहे आत्या," लेक हसून म्हणाली. "आग कशी लागते ते आम्हाला भरतीच्या सरावात शिकवलंय."

ताईंनी बाकीचं काही ऐकलंच नाही. त्यांच्या कानात एकच शब्द अडकला. सरपण! चोवीस वर्षं घास घास भरवलं, ते सरपण! वर लेक हसते! नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की ताई मोरीत जाऊन उगाच एक स्वच्छ पातेलं घासत बसल्या.

त्यानंतर ताटाचं रूपच पालटलं. भात वाटीभर, बटाटे गायब. मोड आलेली कडधान्यं, अंडी, गडद हिरवी पालेभाजी, वर लिंबू पिळून. लिंबू का, तर त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागतं म्हणे. शिजवायच्या ताईच, पण चालायचं नणंदेचं. लेक जेवायच्या आधी ताटाचा फोटो काढून आत्याला पाठवायची. तिकडून अंगठा यायचा. अंगठा आला की लेकीचा चेहरा असा खुलायचा, की ताई पातेल्यावर झाकण जरा जोरातच आदळायच्या. आईने रांधलेलं खायला आत्याची परवानगी! हा हेवा होता, सरळ सरळ हेवा, आणि ताईंना स्वतःलाही तो ठाऊक होता.

एकच गोष्ट त्यांच्या हातात उरली होती, ती म्हणजे चहा. सरावाचं मैदान छापखान्याच्या समोरच, त्यामुळे लेक दुपारी ताईंच्या चहाच्या खोलीत येऊन डबा खायची, गोळी घ्यायची, आणि लगेच म्हणायची, "आई, चहा!" रात्री घरी जेवण झालं की पुन्हा तेच. "तुझ्या चहाशिवाय जेवल्यासारखंच वाटत नाही," असं ती म्हणाली की ताईंचा दिवसभराचा जळफळाट थंड व्हायचा. चहाचा फोटो कुणाला जात नव्हता. तो फक्त दोघींचा होता.

आणि इथेच ताईंनी माती खाल्ली.

नणंदेने पहिल्याच आठवड्यात आहाराचा कागद आणून दिला होता. लेक तेव्हा सरावाला गेलेली. ताईंनी तो उभ्या उभ्या वाचला. शेवटची ओळ होती, 'जेवणानंतर व गोळीनंतर दीड तास चहा अजिबात नाही.' खाली लाल शाईने दोन रेघा. का, ते लिहिलं नव्हतं. ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. ताट घेतलंस, लेक घेतलीस, आता चहावर डोळा! त्यांनी ती ओळ मागे दुमडली, वरून नखाने घट्ट घडी घातली आणि कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावून टाकला.

सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. नऊ पॉइंट चार.

लेक रिपोर्ट टेबलावर टाकून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. ताईंना लेकीचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर आतून उकळ्याही फुटत होत्या. घे! आणखी तोल! आणखी पाठव अंगठे!

रविवारी दुपारी नणंद आली. चेहरा उतरलेला. भावासमोर खुर्चीत बसून म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलंय. इस्पितळात इतक्यांचे आहार बसवले, घरच्या पोरीचा जमला नाही. वहिनी, उद्यापासून तुमच्या मनाने करा. तिला काय मानवतं ते तुम्हालाच कळणार." आणि तिने वजनकाटा पिशवीत भरला.

ताईंना वाटलं, जिंकले! त्या लगबगीने चहा ओतायला उठल्या. जिंकलेल्या माणसाने थोडा मोठेपणा दाखवावा.

"द्या," नणंद म्हणाली. "मला जेवून दोन तास झालेत, आता हरकत नाही. नाहीतर मी स्वतःही घेत नाही. चहा पोटातल्या लोहाला धरून ठेवतो, रक्तात उतरूच देत नाही. तुम्ही ते पाळलंत म्हणून बरं, नाहीतर मी म्हटलं असतं की चहाच नडला."

ताईंनी भरलेला कप पुन्हा खाली ठेवला. दुपारी एक, रात्री एक, सहा आठवडे. किती झाले ते मोजायचीही त्यांची छाती झाली नाही. पोरीच्या पोटातलं औषध त्यांनी आपल्या हाताने मारलं होतं, आणि वर शाबासकी घेतली होती.

तेवढ्यात लेक बाहेर आली. डोळे सुजलेले. "आत्या, पुरे झालं आता," ती म्हणाली. "मला तुझे कागद नकोत. मी आईच्याच हातचं खाणार, आईला हवं तसं."

हेच ऐकायला ताई सहा आठवडे तळमळत होत्या. गप्प बसणं सोपं होतं. उद्यापासून दूध नासलं म्हणायचं, चहापत्ती संपली म्हणायचं. लेकीचं रक्त वाढलं असतं, नणंदेचं नाक कापलं गेलं असतं, सगळं यश ताईंच्या पदरात.

त्या फ्रिजकडे गेल्या. चुंबक काढलं. घडी इतकी घट्ट बसली होती की उलगडताना कागद कोपऱ्याला फाटला. तो त्यांनी लेकीच्या हातात दिला.

"ही मी दुमडली होती," त्या म्हणाल्या. "मुद्दाम. आत्या मला खिजवतेय असं वाटलं. मला तिचा हेवा वाटतो गं, फार वाटतो."

लेकीने ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. कागद घेऊन खोलीत गेली. नवऱ्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, तेही उलटं.

"वहिनी," नणंद म्हणाली, "एक रेघ लोहासाठी होती. दुसरी तुम्हाला खिजवायलाच ओढली होती. पोरगी उठता-बसता तुमच्या चहाचं कौतुक सांगते. माझ्या घरी कुणी कधी दुसरा कप मागितला नाही." तिने पिशवीतून वजनकाटा काढून परत ओट्यावर ठेवला.

लेक ताईंशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी छापखान्यात येऊन डबा खाल्ला, गोळी घेतली, किटलीकडे न बघता निघून गेली. असे सात आठवडे गेले. त्या वेळेला ताई किटली फडक्याने झाकून ठेवायच्या, वासही जायला नको.

फेरतपासणीच्या दिवशी दुपारी एक वाजता फोन वाजला.

"आई, बारा पॉइंट एक! घेतलं मला! आत्याला सांगितलं, आता तुला सांगतेय."

आधी आत्याला. ताईंच्या काळजात कळ आली ती आलीच. इतक्यात कुठे जाते ती! त्यांनी पदराने डोळे पुसले.

"आई, ऐकतेस ना? मी येतेय तिकडे. चहा टाक."

"जेवलीस किती वाजता?"

"साडेबाराला. का?"

ताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मग दोनला ये," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं आधी आलीस तरी कप मिळायचा नाही."