सगळं करून ठेवलंय

बाकरवडीचा पुडा हातात पडल्यावर लॉराने विषय काढला. आधी काढला असता तर सुलेखाने पुडा पर्समधून बाहेरही काढला नसता. पण पुण्याहून परत आलं की कुणाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, ही तिची जुनी खोड. आईचे दिवस नुकते कुठे झाले होते, तरी निघायच्या आदल्या दिवशी रांगेत उभं राहून तिने डिपार्टमेंटच्या प्रमुखबाईंसाठी पुडा घेतलाच होता.

"सू, तुझी लेक्चर्स फारच सुंदर झाली आहेत," लॉरा म्हणाली. तिला 'सुलेखा' कधी जमलं नाही आणि सुलेखाने कधी हट्ट धरला नाही.

"थँक यू. मग पुढच्या सेमिस्टरला माझा वर्ग सोमवारीच ना?"

"तेच बोलायचं होतं. कोर्स आहे, पण वर्ग नाही. मुलं तुझी रेकॉर्डिंग्ज बघतील, परीक्षा कॉम्प्युटर घेईल. तू सगळं इतकं नीट करून ठेवलंयस, की आता कुणी समोर उभं राहायची गरजच नाही."

आणि हे तिने कौतुकाने सांगितलं बरं का! बाई दुष्ट नव्हती. वरचे लोक कोर्सच बंद करा म्हणत होते, तिने त्यांच्याशी भांडून तो वाचवला होता. कोर्स वाचला, शिकवणारी गेली. लॉराच्या हिशेबी हा विजय होता.

"आणि मी?"

"बिगिनर्सचा एखादा वर्ग मिळतो का बघते. प्रॉमिस नाही करत." लॉराने पुडा उलटसुलट करून पाहिला. "हे तिखट असतं का?"

"थोडंसं," सुलेखा म्हणाली आणि उठली.

सुलेखा दिघे स्पॅनिशच्या नादी लागली ती पुण्यात, बी.ए. करताना. वडील म्हणाले होते, "जर्मन शीक, जपानी शीक, कुठे चिकटशील तरी. स्पॅनिश घेऊन काय बैल झुंजवणार आहेस?" तिने ऐकलं नाही. लग्न होऊन प्रसन्नच्या मागोमाग टेक्ससला आली ती नोकरीची परवानगी नसलेल्या व्हिसावर. अर्विंगच्या अपार्टमेंटमध्ये बरोबरीच्या बायका कंटाळून रडकुंडीला यायच्या, तेव्हा ही लॉन्ड्रीत भेटणाऱ्या मेक्सिकन बायकांशी तासन्तास गप्पा मारायची. पुढे ग्रीन कार्ड आलं, मास्टर्स झालं, आणि हायवेपलीकडच्या कॉलेजात तासावर शिकवायचं काम मिळालं. पर्मनंट मात्र ती कधीच झाली नाही. जागा निघायची, दुसऱ्या कुणाला तरी मिळायची, आणि त्या दुसऱ्याला कॉफीचं मशीन कुठे आहे ते सुलेखाच दाखवायची.

पण एक कोर्स तिचा होता, तिने स्वतः उभा केलेला. स्पॅनिश भाषा आणि साहित्य, अगदी उगमापासून आजपर्यंत. त्यात ती जीव ओतायची. रोमन शिपायांच्या तोंडात लॅटिन कशी झिजली, हजार वर्षांपूर्वी मठातल्या कुणा साधूला पोथीतली लॅटिन कळेना म्हणून त्याने समासात आपल्या घरच्या बोलीत अर्थ कसे खरडले, आणि आज जगभर बोलली जाणारी भाषा कागदावर पहिल्यांदा अशी चोरपावलांनी कशी उतरली, हे ती सांगू लागली की मागच्या बाकावरची मुलंही फोन खाली ठेवायची. मग अरबांची शतकं यायची. तेल, उशी, साखर, सगळे शब्द त्यांनी दिलेले. मग गलबतं, मग मेक्सिको, मग त्या मुलांचं स्वतःचं गाव.

येसेनिया तिची विद्यार्थिनी. दिवसा बेकरीत काम करायची, संध्याकाळी वर्गाला यायची. एकदा वर्गात म्हणाली, "माएस्त्रा, माझी आजी अडाण्यासारखं बोलते. शाळेतल्या बाई हसायच्या तिला. मी तिला फोनवर मैत्रिणींसमोर बोलूच द्यायची नाही." माएस्त्रा म्हणजे बाई, वर्गातल्या बाई. सुलेखाने आजीचे दोन-चार शब्द विचारून घेतले आणि पुढच्या तासाला चारशे वर्षांपूर्वीच्या एका नाटकातलं पान तिच्यापुढे ठेवलं. तेच शब्द! "तुझी आजी चुकीचं बोलत नाही गं. जुनं बोलते. स्पेनच्या राजधानीतले लोक एके काळी असंच बोलायचे. ते शब्द गलबतात बसून तुमच्या डोंगरात आले आणि तिथेच राहिले." येसेनिया त्या पानावर डोकं टेकून रडली होती. एवढ्यासाठी सुलेखा शिकवत होती. पगारासाठी शिकवत होती असं कुणी म्हटलं असतं तर तो पगार दाखवून तिने त्याला हसवलं असतं.

आणि मग पुण्याहून भावाचा फोन आला. आईचं काही खरं नाही, निघ.

इथल्या आपल्या बायका भारतात जायच्या आधी काय करतात ते सांगायला नको. पोळ्यांच्या चळती, आमटीचे डबे, भाजीवर चिकटवलेल्या पट्ट्या, आणि फ्रीजरचं दार गुडघ्याने लावावं लागेल इतकं भरलेलं घर. सुलेखानेही ते केलं. पण तिने वर आणखी एक केलं. ओट्यावर कुकर चढवला, डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडला आणि उरलेला सगळा कोर्स बोलून रेकॉर्ड करायला घेतला.

"अगं, एवढं कशाला?" प्रसन्न म्हणाला. "ते सबस्टिट्यूट बघतील ना. कॅन्सल कर दोन क्लासेस."

"मुलांची अडचण नको. आणि सबस्टिट्यूट काय बोलणार, त्याला काय येतंय यातलं?"

इशिता शिकागोहून व्हिडिओवर होती. मुलगी कंपन्यांची कॉन्ट्रॅक्ट्स वाचून पोट भरते, तिला वास आलाच. "मॉम, यू नो दे कॅन जस्ट कीप दोज, राइट?"

"प्रत्येकावर संशय घ्यायचा नसतो, इशू. इतकी वर्षं ओळखतात मला."

घ्या! इतकी वर्षं ओळखणाऱ्यांना नाव धड घेता येत नव्हतं, आणि हिचा केवढा तो विश्वास. कुठून बुद्धी झाली देव जाणे. मध्येच कुकरची शिट्टी झाली तेव्हा रेकॉर्डिंगमध्येच "माफ करा हं, एक मिनिट" म्हणून ती उठली, गॅस बंद करून परत बसली. पुन्हा रेकॉर्ड करायला वेळ कुठे होता? सकाळचं विमान होतं.

पुण्यात आई शुद्धीवर होती. आवाज खोल गेला होता, पण चौकशा सगळ्या जागच्या जागी. "जेवायचं काय प्रसन्नचं?"

"फ्रीजर भरून आलेय."

"आणि तुझी शाळा?" कॉलेजला आई शाळाच म्हणायची.

"तेही सगळं करून ठेवलंय आई. माझ्यावाचून कुणाचं काही अडणार नाही."

आई पंख्याकडे बघत म्हणाली, "असं करून ठेवू नये गं. थोडं अडू द्यावं लोकांचं."

सुलेखाला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. ती हसली. आई हसली नव्हती. हे तिला आज लॉराच्या ऑफिसातून बाहेर पडल्यावर, पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडताना आठवलं, आणि दार तसंच धरून ती उन्हात उभी राहिली.

घरी आली तर प्रसन्न खुशीत होता. ओट्यावर रिकामे डबे धुऊन, पुसून, एकात एक घालून ठेवलेले. "बघ! एक डबा वाया घालवला नाही. तुला काय वाटलं, उपाशी मरेन? काही अडलं नाही यार."

तिने डब्यांकडे बघितलं आणि लॉरा काय म्हणाली ते सांगितलं.

"अरे! पण असं कसं? तू फाइट कर ना." मग लगेच, "अर्थात, कॉलेजच्या अकाउंटवर अपलोड केलंस म्हणजे लीगली त्यांचंच झालं ते. इशू म्हणाली होती तुला."

"हो. म्हणाली होती."

"मग आता काय, आराम कर थोडा. नाहीतरी पैसे काय देत होते ते?"

तिला ओरडावंसं वाटलं, की पैशाचं कोण बोलतंय! आई गेली, आणि ज्या चार भिंतींत मी कुणीतरी होते त्या गेल्या, आणि तू मला डबे दाखवतोयस. पण ती ओरडली नाही. डबे उचलून वरच्या फळीवर ठेवून आली.

बिगिनर्सचा वर्गही मिळाला नाही. लॉराने छान शब्दांत कळवलं, खाली बाकरवडीबद्दल आभार मानले. सेमिस्टर सुरू झालं. सोमवार आला की संध्याकाळी सुलेखाला घरात चैन पडेना. मग एका सोमवारी तिने गाडी काढली आणि सवयीने कॉलेजच्या रस्त्याला लागली. कॉलेजात जायला तोंड नव्हतं, म्हणून अलीकडच्या मेक्सिकन बेकरीपाशी वळली. तिथे येसेनिया होती.

"माएस्त्रा!" येसेनिया काउंटरच्या मागून धावतच आली आणि गळ्यात पडली. "किती दिवसांनी! ओळखलंत ना?"

"तुला नाही ओळखणार? आजी कशी आहे?"

"आहे, आणि भरपूर बोलते. आता मीच तिला म्हणते, मोठ्याने बोल." येसेनियाने पिशवीत गोड पाव भरले, पैसे घ्यायला साफ नकार दिला. मग घुटमळली. "माझी धाकटी बहीण या वर्षी तुमच्या कोर्सला आहे. मीच घ्यायला लावला. म्हटलं, माएस्त्रा शिकवतात, आयुष्य बदलेल तुझं. पण माएस्त्रा... तुम्ही नाही आहात त्यात."

"रेकॉर्डिंग आहे. माझंच आहे ते."

"नाही हो. म्हणजे शब्द तुमचे आहेत, मी लगेच ओळखले. पण आवाज तुमचा नाही. चेहरा पण नाही, नुसती चित्रं सरकतात." ती खाली बघून म्हणाली, "कुणीतरी लिहून दिलं म्हणे, तुमचे उच्चार कळत नाहीत. मग कॉलेजने कॉम्प्युटरचा आवाज बसवला."

सुलेखाला कानशिलात बसल्यासारखं झालं. लॉरा यातलं अक्षर बोलली नव्हती. "दाखव," ती म्हणाली.

"राहू दे ना."

"दाखव गं."

येसेनियाने बहिणीच्या नावाने फोनवर कोर्स उघडला आणि काउंटरवर पावांच्या ताटाला टेकवून ठेवला. एका बाईचा आवाज बोलू लागला. नितळ, गोड, माद्रिदच्या बातम्यांत शोभेल असा. कुठे अडखळणं नाही, श्वास नाही. धडा होता अरबांच्या काळातल्या कवितांचा. मोठमोठे कवी अरबीत लांबलचक कविता रचायचे आणि शेवटच्या दोन-चार ओळी एखाद्या मुलीच्या तोंडी द्यायचे, तिच्या घरच्या बोलीत. स्पॅनिशमधलं अगदी जुनं काव्य म्हणतात ते हेच.

"कवितांवर नावं त्या कवींची आहेत," तो गोड आवाज म्हणाला. "ओळी मात्र कुणा मुलींच्या. यातल्या कितीतरी मुली आपल्या आईशी बोलतात. त्यांची नावं कुणी विचारली नाहीत." थोडी शांतता. मग तोच आवाज, त्याच गोडीत, "माझी आई आजारी आहे. मी उद्या तिच्याकडे निघाले आहे. ती बरी होईल अशी आशा करू या."

ज्याला आई नाही तो आवाज सुलेखाच्या आईबद्दल बोलत होता.

तेवढ्यात फोनमधून शिट्टी झाली. लांब, जोरदार, घरची. येसेनिया दचकली. "हे काय? गाडी?"

"कुकर," सुलेखा म्हणाली. "वरण लावलं होतं."

"माफ करा हं, एक मिनिट," गोड आवाज म्हणाला आणि थांबला. मग सपातांची फटफट ऐकू आली, लांब जात गेलेली. बांगड्या वाजल्या. गॅसचं बटण कट्कन फिरलं. आवाज पुसणाऱ्यांनी एवढं पुसलं नव्हतं. त्यांना ते कुणाचं वाटलंच नसेल.

येसेनियाने फोन बंद करायला हात पुढे केला.

"थांब," सुलेखा म्हणाली. "माएस्त्रा येताहेत परत."

दोघी फोनकडे बघत उभ्या राहिल्या. बांगड्या जवळ आल्या, खुर्ची सरकली. आणि ती दुसरीच बाई पुढे शिकवू लागली.