पुढचा मुंढा

शिवण शिकायला धाकटीने कधी वर्ग लावला नाही. घरातच ताई असताना वर्ग कशाला? ताई म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण. कोट शिवण्यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. आई गेल्यावर तिनेच धाकटीला आपल्या दुकानात आणून स्टुलावर बसवलं आणि बजावलं, "विचारायचं नाही, बघायचं. प्रश्न विचारून कोणाला पोहता आलंय?"

धाकटी डोळ्यांत तेल घालून बघत राहिली. ताई खडू कसा तिरका धरते, कात्री टेबलावरून न उचलता कशी पुढे सरकवते, कापताना जीभ दातांत कशी धरते, सगळं. जीभसुद्धा उचलली बिचारीने! ताई कापडाची चार पदरी घडी घालायची, मुंढा म्हणजे बाही बसते तो गोलावा एकदाच आखायची आणि चारही पदर एकदम कापायची. धाकटीही तसंच करायची. पण तिच्या कोटाला काखेपुढे चुणी पडायचीच. कितीही इस्त्री फिरवा, चुणी जागची हलायची नाही.

"ठेव, मी बघते," ताई म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी तोच कोट झकास बसायचा. वर म्हणायची, "तुझ्या हाताला अजून वळण नाही गं." धाकटीने ते खरं मानलं. ताईने दुरुस्त केलेला कोट एकदा उसवून बघावा, असं तिच्या मनातही आलं नाही. बहिणीचं कोण उसवून बघतं?

यंदा मात्र तिने कंबर कसली. एका हॉटेलला नोकरांसाठी कोट हवे होते आणि त्यांनी नमुना मागितला होता. हे काम मिळालं तर तिचं स्वतःचं दुकान उभं राहणार होतं. जागा बघून झाली होती. ताईला सांगितलं तेव्हा ती हसून "हो बाई, हो मोठी," म्हणाली होती. पण मॅनेजरने नमुना अंगात घातला, हात पुढे केला, काखेकडे बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "उद्या नीट करून आणा. नाहीतर राहू द्या."

कोट पिशवीत कोंबून धाकटी तडक ताईकडे निघाली. वाटभर स्वतःच्याच हातांना शिव्या घालत होती. दुकानाचं मागचं दार उघडं होतं. आत ताई आपल्या लेकीला कापायला शिकवत होती. लेक मधूनमधून प्रश्न विचारत होती आणि ताई चक्क उत्तरं देत होती.

"चारही पदर कापून झाले ना? आता वरचे दोन उचल. हे पुढचे. पुढचा मुंढा अर्धं बोट आणखी खोल घ्यायचा. माणूस हात पुढे करतो की नाही? तिथे कापड जास्त राहिलं की चुणी आलीच."

धाकटी दारातच थिजली. म्हणजे तिच्यासमोर ताई अर्धंच कापत होती, आणि उरलेलं धाकटी घरी गेल्यावर. दोष तिच्या हातात कधी नव्हताच. परक्याने फसवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. इथे तर आईच्या जागी मानलेल्या ताईनेच केसाने गळा कापला होता.

तेवढ्यात ताईने वर बघितलं. तिचे हात आपसूक हलले. उचललेले दोन पदर तिने पुन्हा खाली टाकले आणि चार पदरांची घडी नीट केली.

"अगं आई," लेक म्हणाली, "आत्ता तर उचल म्हणालीस ना?"

धाकटीने आत येऊन हँगरवरचा ताईने शिवलेला कोट खाली ओढला, टेबलावरची छोटी कात्री घेतली आणि बाहीची शिवण उसवायला लागली.

"अगं, काय करतेस! गिऱ्हाईकाचा आहे तो!"

"असू दे," धाकटी म्हणाली. डोळे भरून आले होते, टाका नीट दिसत नव्हता, तरी ती उसवत होती. "विचारायचं नाही, बघायचं. बघतेय."