दोन नंबरला मत

लझहरने टेबलाखाली फोन धरला, दोनचा आकडा दाबला आणि मत पाठवून दिलं. मग फोन मांडीवर पालथा ठेवून त्याने चहाचा ग्लास उचलला. चहा केव्हाच निवला होता, तरी त्याने त्यावर फुंकर घातली.

दोन नंबर म्हणजे राजधानीच्या क्लबचा गोलकीपर. एक नंबर पोहणारी एम्ना. आणि तीन नंबर हातेम, लझहरचा सख्खा मावसभाऊ, जो त्या वेळी त्याच्या खांद्याला खांदा लावून बसला होता. 'वर्षाचा खेळाडू' देशाने फोनवरून निवडायचा होता, मतदान त्याच रात्री बंद व्हायचं होतं, आणि केफ गावात आठवडाभर कोणाला दुसरा धंदा उरला नव्हता. बेशीरकाकांच्या कॅफेत तर पत्त्यांचे डावसुद्धा बंद पडले होते.

"गोलकीपरने काय केलं, ते सांगा मला," काउंटरमागून बेशीरकाका म्हणाले. "पेनल्टी अडवल्या. बरं. पगार कशाचा घेतो तो? मी रोज पडणारे ग्लास अडवतो, मला कोणी मंचावर बोलावलं का?"

"मी एम्नाला देणार," तय्यब खाटीक म्हणाला. "पोरीने तिचं चित्र लावलंय भिंतीवर. मला रात्री घरी जेवायचंय."

"गावचा पोरगा सोडून?"

"गावचा पोरगा मला भावासारखा आहे. पण हा भाऊ मला जेवायला वाढणार आहे का?"

हातेम मोठ्याने हसला. त्याची हसताना मान थोडी वर जायची, छताकडे बघितल्यासारखी. "दे रे तिलाच," तो म्हणाला. "चांगली पोहते. मी ऐकलंय तिचं पाणी."

लझहर हसला नाही. तो खिडकीकडे बघत होता. किल्ल्याच्या भिंतीवर अजून ऊन होतं, पण ते वरच्या दगडांवर गेलं होतं. डिसेंबरातलं ऊन फार घाईने जातं. ते जायच्या आत त्याला हातेमला घेऊन गल्लीच्या पायऱ्या उतरायच्या होत्या.

"निघू या का?" त्याने हळूच विचारलं.

"आता कुठे रंग भरतोय," हातेम म्हणाला.

मुन्सिफ मास्तर तोवर उभे राहिले होते. शाळेत त्यांनी तीस वर्षं कवायत शिकवली होती, त्यामुळे बसून बोलणं त्यांना जमत नसे. "मंडळी, वाद गोलकीपरचा नाहीच आहे," ते म्हणाले. "वाद हा आहे, की तीन नंबरपुढे एकच नाव का? पंधराशे मीटर दोघं पळाले. एकाच दोरीने हात बांधून पळाले. याचे डोळे मिटलेले, त्याचे उघडे. आणि नियम काय आहे? शेवटच्या रेषेवर सोबती पुढे गेला, तर दोघंही बाद. म्हणजे हा लझहर इतकी वर्षं काय शिकला? जिंकायच्या क्षणी एक पाऊल मागे राहायला. सोपं वाटतं का तुम्हाला?"

"नाही बुवा," तय्यब म्हणाला. "माझी बायको इतक्या वर्षांत नाही शिकली."

मास्तरांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. "म्हणून मी सरळ आयोजकांना फोन लावला. कबूल झाले ते. हातेम जिंकला, तर शनिवारी लझहरनेच त्याला हाताला धरून मंचावर न्यायचं. सभागृहातले सगळे दिवे घालवणार. मागच्या दारापासून कॅमेरा. अंधारात या दोघांवर एकच झोत, आधी खुर्च्यांमधल्या पायऱ्या उतरायच्या, मग मंचाच्या चढायच्या. अख्खा देश बघणार. अंगावर काटा येईल बघा."

लझहरच्या अंगावर काटा आलाच. सोमवारी मास्तरांनी ही योजना पहिल्यांदा सांगितली होती, तेव्हापासून तो काटा गेलाच नव्हता.

वसंतात राजधानीच्या डॉक्टरने त्याला एका यंत्रापुढे बसवलं होतं. आधी अंधारातलं दिसणं जातं, मग कडेचं जातं, शेवटी मधलं, असं तो डॉक्टर वाण्याने भाव सांगावेत तसं म्हणाला होता. मग त्याने विचारलं होतं, घराण्यात कोणाला आहे का? लझहरने मान हलवून नाही म्हटलं. बाहेर येऊन तो रस्त्याच्या कडेला बसून राहिला होता. आजोबा सूर्य मावळल्यावर घराबाहेर पडत नसत. घरचे म्हणत, म्हातारा जिन-भुतांना भितो. हातेमचं तर शाळेत असतानाच सगळं गेलं. लझहरला मात्र ते चुकवून गेलं, असं त्याच्या आईला वाटे आणि ती अजून दर शुक्रवारी त्याच्यावरून मीठ उतरवून टाकत असे.

त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. ऑक्टोबरात संध्याकाळच्या सरावाला कोणीतरी ट्रॅकवर एक अडथळा विसरून गेलं. लझहरला तो दिसला नाही. हातेमचा गुडघा फुटला, दोघं एकमेकांवर आपटले. "माझं लक्ष नव्हतं," लझहर म्हणाला होता. हातेमने रक्त पुसलं आणि तो एवढंच म्हणाला, की थंडीत त्याचे गुडघे धरतात, उद्यापासून दुपारी पळू या.

आता मंचाच्या पायरीवर लझहर अडखळला, की दुसऱ्या दिवशी सगळं उघड होणार. फेडरेशनवाले दोरीचं ते टोक त्याच्या हातातून काढून दुसऱ्या कोणाच्या तरी हातात देणार. वसंतातली जागतिक शर्यत नव्या माणसाबरोबर हातेम हरणार. पण रात्री झोप उडवणारं कारण याहून लहान आणि लाजिरवाणं होतं. गावात त्याला हातेमचे डोळे म्हणत. ते गेल्यावर त्याला काय म्हणतील, हे त्याला ठाऊक नव्हतं.

किल्ल्यावरचं ऊन गेलं.

"हातेम, चल ना. आई वाट बघत असेल."

"कोणी हलायचं नाही," बेशीरकाका म्हणाले आणि फडकं खांद्यावर टाकून काउंटरबाहेर आले. "नुसती तोंडाची वाफ दवडून कोणी जिंकत नाही. फोन काढा. प्रत्येकाने माझ्यादेखत तीन दाबायचा. तय्यब, तूपण. पोरीला काय सांगायचं ते मी बघतो."

ते टेबलामागून टेबल फिरू लागले. मत गेलं, की प्रत्येक फोन टुणकन वाजे आणि कॅफेत हसू फुटे. एका नंबरावरून एकच मत, असा नियम होता. लझहरने फोन मुठीत दाबून धरला.

"हं, भाऊराया."

लझहरने तीन दाबला. बेशीरकाकांनी फोन त्याच्या हातातून घेतला आणि डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. "या नंबरावरून मत आधीच आलेलं आहे." ते हसले. "घाई बघा याची. बघू, कधी दिलंस? वर असेलच की पाठवलेलं."

त्यांचा अंगठा काचेवर सरकला. लझहरने फोनकडे हात नेला. आणखी थोडं वर दोनचा आकडा होता.

तेवढ्यात हातेमचा हात टेबलावरून फिरला आणि चहाचा भरलेला ग्लास उलटला. चहा बेशीरकाकांच्या पायजम्यावर गेला. ते फोन टेबलावर टाकून मागे सरले.

"आज काय झालं तुला?" फडक्याने मांडी पुसत ते म्हणाले. "जन्मात कधी ग्लास सांडला नाहीस तू."

"चुकलं, काका. बक्षिसाच्या विचाराने हात कापतोय."

लझहरने फोन खिशात टाकला.

"आणि हे साहेब?" बेशीरकाकांनी हातेमचा फोन उचलून त्याच्या हातात दिला. "स्वतःला मत देताना लाजायचं नसतं."

हातेमने बोट फिरवलं. त्याचा फोन बोलायचा. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यातली बाई म्हणाली, "या नंबरावरून मत आधीच आलेलं आहे."

कॅफे खदखदून हसला. तय्यबने टेबलावर थाप मारली. "आणि मी उगाच त्याच्यासाठी उपाशी राहतोय. गुपचूप स्वतःचं उरकून बसलाय."

हातेमने हसून मान वर केली. मग तो उठला. "चल, लझहर."

दाराबाहेर गार वारा होता. गल्लीतला दिवा मागच्या आठवड्यापासून बंद होता आणि कॅफेच्या दाराचा उजेड पहिल्याच पायरीवर संपत होता. त्यापुढे लझहरला नुसतं काळं दिसत होतं, विहिरीत डोकावल्यासारखं. नेहमीप्रमाणे हातेमने त्याचं कोपर धरलं होतं.

"चल," लझहर म्हणाला. त्याचं पाऊल उचललं नाही.

आत कोणीतरी रेडिओ मोठा केला. मग हातेमने त्याचं कोपर सोडलं, अंधारात त्याचा हात शोधला आणि उचलून आपल्या कोपरावर ठेवला.

"ही गल्ली मला पाठ आहे," तो म्हणाला. "सावकाश ये."

लझहर उतरू लागला. पाय आधी चाचपडत होते, मग हातेमच्या कोपराच्या चढउतारावरून पायरी कळू लागली. त्याला वाटलं, काहीतरी बोललं पाहिजे, नाहीतर रडू येईल.

"तू स्वतःलाच मत दिलंस?"

"मला काय वेड लागलंय? गोलकीपरला दिलं. सोमवारीच."

"का?"

"मास्तर मला भेटले होते ना सोमवारी. सभागृहात दिवे घालवतात म्हणाले."

लझहर थांबला. हातेमही थांबला, पण त्याने मान वळवली नाही.

"कधीपासून माहितीये तुला?"

"अडथळ्याच्या दिवसापासून. माणसाचं लक्ष नसलं, तरी शेवटच्या क्षणी तो ओरडतो. तू जमिनीवर आपटेपर्यंत गप्प होतास." तो जरा थांबला. "आजोबा असेच पडायचे. मला आठवतंय."

खाली कोणाच्या तरी घरात मूल रडत होतं. लझहरने तोंड पुसलं. "मला भीती वाटते, हातेम," तो म्हणाला. इतक्या महिन्यांत हे वाक्य त्याने पहिल्यांदाच उच्चारलं.

"वाटणारच. मलापण वाटायची. मी तर अंथरूण ओलं करायचो, तुला माहितीये."

"वसंतातली शर्यत..."

"दुपारची आहे. मी विचारून घेतलंय."

"आणि त्यानंतर?"

वरून, कॅफेतून, एकदम मोठा गलका उठला. बेशीरकाकांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. "तीन नंबर पुढे! ऐकलंत का रे, तीन नंबर पुढे आहे!"

लझहरची बोटं त्या कोपरात रुतली. "आपल्या दोन मतांनी काय होणार," तो म्हणाला. "जिंकलास तर?"

"तर मी पुढे चालेन. तू असंच कोपर धर. रेषेवर मीच पुढे असतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. कोणाला काही वेगळं वाटणार नाही."

"पण त्या पायऱ्या तुला पाठ नाहीत."

"नाहीत," हातेम म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदा थोडा हलला. "शुक्रवारीच जाऊ. दिवसा. तू सांग, मी पाठ करतो."

ते पुन्हा उतरू लागले. गलका मागे पडला. गल्ली वळते तिथे हातेमने पाऊल आखडलं.

"हळू. इथे कड तुटलीय, उजवीकडून ये."

हे वाक्य लझहरचं होतं. शाळेत असल्यापासून तो रोज याच पायरीवर ते म्हणत आला होता. त्याने भिंतीला हात लावला आणि तो उजवीकडून आला.